भट्टीचा वाटा

धातूंवर संशोधन करणाऱ्या त्या संस्थेत तळमजल्यावर, जिन्यामागच्या लांबोळक्या खोलीत पस्तीस वर्षं एकच माणूस धातू वितळवत होता. पगाराच्या कागदावर त्यांचं नाव काहीतरी असणारच, पण शिपायापासून संचालकांपर्यंत सगळ्यांचे ते तात्याच. शिक्षण बेताचं, उंची त्याहून बेताची, एक भुवई कायमची जळलेली आणि नाकावर माशी बसू न देण्याचा स्वभाव. तराजूच्या टेबलाला कोणी कोपर टेकलं तर तात्या तोंडाने काही बोलत नसत, नुसते त्या कोपराकडे बघत राहत. मोठमोठ्या पदव्या घेतलेली माणसंही मग मुकाट्याने कोपर उचलत.

काम सांगायला सोपं होतं. वरच्या मजल्यावरची संशोधक मंडळी चिठ्ठी पाठवत: लोखंड इतकं, अमुक धातू इतका. तात्या दोन्ही तोलून भट्टीतल्या तांब्याच्या खळग्यात ठेवत. झाकण लावायचं, आतली हवा काढायची आणि विजेची ठिणगी त्यावर फिरवायची. मिनिटभरात सगळ्याचं पाणी. थंड झाल्यावर उलटवून पुन्हा वितळवायचं, असं चार वेळा, म्हणजे मिश्रण आतून बाहेरून एकसारखं होतं. शेवटी बटणासारखी एक चपटी गोळी हातात येते. एका चिठ्ठीच्या दोन गोळ्या व्हायच्या. एकीची दांडी ओतायची, दुसरी कपाटात जपून ठेवायची, उद्या कोणी शंका काढली तर. पण पस्तीस वर्षांत कोणी शंका काढली नव्हती. तात्यांचं वजन म्हणजे काळ्या दगडावरची रेघ, असं खुद्द सर म्हणत. सर म्हणजे चुंबकीय धातूंच्या विभागाचे प्रमुख. सुरुवातीची पंधरा वर्षं ते प्रत्येक गोळीचा तुकडा रासायनिक तपासणीला पाठवायचे. दर वेळी चिठ्ठीतला आकडा आणि तपासणीतला आकडा जुळ्या भावांसारखे निघायचे, तेव्हा पुढे त्यांनी पाठवणंच बंद केलं.

आता आकडे जुळत कसे, यात एक गोम होती, आणि ती फक्त तात्यांना ठाऊक होती. ती त्यांना त्यांच्या वस्तादांनी शिकवली होती. वस्ताद म्हणजे तात्यांच्या आधी भट्टी सांभाळणारा माणूस. भट्टी फुकट काम करत नाही, असं ते म्हणत. तिचा वाटा तिला आधी द्यायचा. लोखंडात मिसळायचे काही धातू इतक्या आचेला वाफ होऊन उडतात. आठ ग्रॅम टाकले तर सातच उरतात. म्हणून जेवढं उडणार तेवढं आधीच जास्त टाकायचं. मॅंगनीजचा वाटा वेगळा, गॅलियमचा वेगळा. आणि हा वाटा वहीत लिहायचा नाही, कारण वही ही धातूची आहे, भट्टीची नाही. गोळीत जे उरणार तेच वहीत गेलं पाहिजे. वस्तादांचा हा हिशेब खोटा म्हणता येणार नाही. त्या भट्टीपुरता तो बिनचूक होता.

दोन वर्षांपूर्वी ती भट्टी मोडीत निघाली आणि नवी आली. जुन्या भट्टीची आत डोकावायची काच दर वेळी काजळी धरायची. तात्या रोज संध्याकाळी फडकं आणि स्पिरिट घेऊन ती घासत बसायचे आणि भट्टीला शिव्यांची लाखोली वाहायचे. नव्या भट्टीत आतली हवा काढून तिच्या जागी जड वायू भरून वितळवायची सोय होती. चार वेळा वितळवलं तरी काच लख्ख. पहिल्याच दिवशी तात्यांनी तिच्यावरून हात फिरवून म्हटलं होतं, ही भट्टी घरंदाज आहे, तोंड काळं करत नाही. सगळे हसले होते.

काच काळी का होत नाही, हा प्रश्न त्यांना पडला नाही. पस्तीस वर्षांच्या कामात हा एकच प्रश्न त्यांनी विचारायला हवा होता, आणि नेमकं तेव्हाच त्यांचं डोकं सुटीवर गेलं.

नव्या भट्टीवर सगळ्यात जास्त काम आणलं ते टिचकीने. टिचकी म्हणजे सरांची संशोधक विद्यार्थिनी. दांडी दोऱ्याला टांगून तिला टिचकी मारायची आणि ती कशी वाजते ते यंत्राला ऐकवायचं, हा तिचा उद्योग, म्हणून तात्यांनीच हे नाव ठेवलं होतं. सूर उंच तर धातू ताठ, सूर उतरला तर धातू लवचीक. दुसरा उद्योग चुंबकाचा. चुंबकात धरलं की लोखंड लांब होतं, हे तात्यांना तिनेच पहिल्यांदा समजावून सांगितलं. होतं म्हणजे किती, तर तिच्या बोटाएवढ्या दांडीत केसाच्या जाडीचा पाचवा हिस्सादेखील मोठा पल्ला. नुसतं लोखंड इतकंही करत नाही. पण त्यात गॅलियम घातलं की ते नरमतं, सूर उतरतो, आणि चुंबकाला दसपट ओ देऊ लागतं. घालत जावं तसतसं वाढत जातं आणि एका ठिकाणी अचानक कोसळतं, कारण तिथून पुढे आतले अणू शिस्तीत रांगा लावून बसतात आणि हलायला तयार होत नाहीत. ते शिखर कुठे आहे, यावरच सगळं अडलेलं. जगभरच्या लोकांना ते शंभर अणूंत एकोणीस गॅलियमचे असताना सापडलं होतं. टिचकीला सतरावर सापडलं.

गॅलियम तर तुम्ही कधी हातात घेऊ नका. डब्यात चांदीसारखं घट्ट दिसतं आणि तळहातावर ठेवलं की मिनिटात ओघळायला लागतं. तात्या ते फ्रिजमध्ये ठेवत आणि गार सुरीने गार ताटलीत कापत. टिचकी शेजारी उभी राहून बघायची, तेवढ्यात आईच्या गुडघ्यांपासून वसतिगृहातल्या ढेकणांपर्यंत सगळं सांगून व्हायचं. तात्यांना मुलंबाळं नव्हती. हे वाक्य इथे घातलं म्हणजे त्यातून जे समजायचं ते वाचणाऱ्याला समजेल, आणि ते बरोबरच आहे. मात्र तात्यांना कोणी तसं म्हटलं असतं तर त्यांनी त्याला खोलीबाहेर काढलं असतं.

सतराचं शिखर छापून आलं तेव्हा सर आठवडाभर जमिनीला पाय न लागता चालत होते. महाग गॅलियम कमी लागणार, धातू तेवढाच चपळ. टिचकीने गोळी थंड करण्याची जी पद्धत वापरली त्यामुळे शिखर सरकलं, असं तिने शंभर पानं भरून सिद्ध केलं होतं. पदवीच्या परीक्षेची तारीखही ठरली.

आणि मग दुसऱ्या प्रयोगशाळेचं पत्र आलं. त्यांनी सतराची दांडी स्वतः ओतली, तिच्याच पद्धतीने थंड केली, तरी त्यांना शिखर मिळालं नाही. सूरही मिळाला नाही. त्यांची दांडी तिच्या दांडीपेक्षा उंच वाजत होती. पत्राची भाषा सभ्य होती आणि शेवटची ओळ विषारी. मूळ नोंदी पाहायला मिळतील का, असं त्यांनी विचारलं होतं.

सोमवारी सरांनी सगळ्या विभागासमोर तिला विचारलं की आकडे ओढूनताणून बसवले नाहीस ना. विचारलं हळू आवाजात, पण विचारलं. गुरुवारी तीन जणांची समिती बसणार होती. दांड्या रासायनिक तपासणीला पाठवायचं ठरलं होतं, पण तिथली रांग महिनाभराची, तोवर समिती नोंदी बघून मत देणार होती. टिचकी खाली आली ती सरळ तात्यांच्या स्टुलावर बसली आणि रडू लागली. तात्यांच्या तोंडून एवढंच निघालं की वही माझी आहे, वहीत खोट नाही, जा आणि सांग त्यांना. ती डोळे पुसून वर गेली.

वहीत खोट नाही हे सिद्धच करून दाखवावं, अशा ताठ्यात तात्यांनी कपाट उघडलं. सतराची राखून ठेवलेली गोळी काढली आणि तराजूवर ठेवली. वहीप्रमाणे ती चाळीस ग्रॅम भरायला हवी होती. एक्केचाळीस पूर्णांक दोन भरली.

त्यांनी तराजू पुसला. पुन्हा ठेवली. तेवढीच. पंधराची काढली, तीही चाळीसहून जास्त. अठराची तर सतराच्याहूनही जास्त. आठ ग्रॅम गॅलियममागे एक ग्रॅम दोन दशांश, हा वस्तादांचा वाटा. तो वाटा भट्टीने खाल्लाच नव्हता. जसाच्या तसा गोळीत बसला होता. तात्यांनी भट्टीच्या लख्ख काचेकडे पाहिलं. जुन्या काचेवरची ती काजळी, जी ते वर्षानुवर्षं शिव्या घालत पुसत होते, तोच तर तो वाटा होता. इथे काजळी नव्हती, म्हणजे त्या वायूच्या दाबाखाली काही उडतच नव्हतं.

पाठकोऱ्या कागदावर त्यांनी गणित मांडलं, ग्रॅमांचे अणू करून पाहिले. सतरा म्हणून दिलेल्या गोळीत एकोणीस होतं. धातू बिचारा पहिल्या दिवसापासून खरं सांगत होता. चुंबकात ताणून एकोणीस म्हणत होता, टिचकी मारली की सूर लावून एकोणीस म्हणत होता. सतरा म्हणत होती ती एकटी वही. आणि सगळ्यांनी विश्वास ठेवला तो वहीवर.

घरी येऊन ते जेवले नाहीत. बायकोने दोनदा विचारल्यावर सगळं सांगितलं. ती एका कारखान्यात शिवणकामाची तपासनीस होती, चुकीची शिवण पाहिली की तिला ती उसवल्याशिवाय चैन पडत नसे. तिने एकच विचारलं, की समजा तुम्ही गप्प बसलात तर काय होईल. तात्यांनी ते आधीच करून पाहिलं होतं, मनातल्या मनात, घरी येताना वाटभर. महिन्याने तपासणी येईल, दांडीत एकोणीस निघेल. वहीत सतरा आहे. वही तात्यांची, आणि तात्या कधी चुकत नाहीत. म्हणजे दांडी बदलली कोणी, तर टिचकीने. वाटा कुठेच लिहिलेला नाही, कपाटातली गोळी तोलायचं कोणाला सुचणार नाही, तेव्हा ती बिचारी सिद्ध तरी काय करणार? आणि तात्या दोन महिन्यांनी निवृत्त होऊन, गळ्यात हार घालून, बिनडागाचे घरी येतील.

"म्हणजे तुमच्या चांगल्या नावानेच ती पोर बुडेल," बायको म्हणाली आणि ताट उचलून आत गेली.

तात्यांना लाज वाटली. भीतीही वाटत होती, ते नाकारण्यात अर्थ नाही. चूक झाली यापेक्षा ती लोकांना कळणार, याचं त्यांना जास्त वाटत होतं, आणि असं वाटतंय म्हणून पुन्हा लाज वाटत होती.

मंगळवारी सकाळी ते आधी सरांकडे गेले. सरांनी ऐकून घेतलं, खुर्चीतून उठले, दार लावलं आणि पुन्हा बसले. बराच वेळ ते टेबलावरचा पेन सरळ करत होते. छापलेला लेख मागे घ्यावा लागणार होता. दोन वर्षांत नव्या भट्टीवर आणखी पाच जणांनी काम केलं होतं, त्यांचंही सगळं पुन्हा तपासावं लागणार होतं. मग ते अगदी मायेने म्हणाले की तात्या, तुमचे दोनच महिने राहिलेत, कशाला ओढवून घेता. दांड्यांवरच्या चिठ्ठ्या अदलाबदल झाल्या असं म्हणू. अशा चुका विद्यार्थ्यांच्या हातून होतात, थोडं बोलणं बसेल आणि मिटेल.

"चिठ्ठ्या ती लावते, सर," तात्या म्हणाले.

सर पुढे बोलायला लागले. तात्या उठले. पस्तीस वर्षांत सरांचं वाक्य ऐकून न घेता ते पहिल्यांदाच खोलीबाहेर पडले.

टिचकी प्रयोगाच्या खोलीत होती. दोऱ्याला दांडी टांगलेली, यंत्र चालू. एकच दांडी ती पुन्हा पुन्हा वाजवत होती, जणू या खेपेला ती वेगळं काही बोलेल. तात्यांनी वाटेत शब्द जुळवले होते, ते दारातच सांडले.

"तुझ्या दांडीत सतरा नाही. एकोणीस आहे. मी जास्त टाकत होतो."

तिला आधी कळलंच नाही. मग त्यांनी वाटा सांगितला, काजळी सांगितली, कालचं वजन सांगितलं. ती हातातला कागद घेऊन ऐकत होती आणि तिचा चेहरा मोकळा होत गेला, आणि मग मोकळा होता होता मध्येच थांबला. तात्यांना ते दिसलं. आपण खोटं बोललो नाही हे तिला आधी कळलं आणि आपल्याला नवीन काहीच सापडलं नव्हतं हे त्याच्या मागोमाग. शिखर एकोणीसवरच होतं, जिथे सगळ्यांना ते कधीचं ठाऊक होतं. थंड करण्याच्या पद्धतीवरची शंभर पानं नसलेल्या गोष्टीचं कारण सांगत होती.

"दोन वर्षं मी तुमच्या शेजारी उभी होते," ती म्हणाली. "एकदा तरी सांगायचंत."

"कोणी विचारलं असतं तर सांगितलं असतं."

"मी काय विचारणार होते, तात्या? वहीत सतरा लिहिलं होतं ना."

वही धातूची, भट्टीची नाही, हे वस्तादांचं वाक्य त्यांच्या ओठांवर आलं होतं, पण तिच्यासमोर ते उच्चारायची त्यांची हिंमत झाली नाही. त्यांनी फक्त माफ कर म्हटलं. ती खिडकीकडे वळली आणि म्हणाली की आता तुम्ही जा.

बुधवारचा अख्खा दिवस तात्या वही घेऊन बसले. नव्या भट्टीवरच्या दोनशे चौदा गोळ्या. प्रत्येकीच्या ओळीसमोर त्यांनी लाल शाईने दिलेला वाटा लिहिला आणि खाली सही केली. कपाटात जी जी गोळी शिल्लक होती तिचं वजनही लिहिलं. आयुष्यभर ज्या वहीत त्यांनी एक खाडाखोड होऊ दिली नव्हती, तिच्या दोन वर्षांच्या पानांवर लाल रांगा उठल्या. संध्याकाळपर्यंत बोटं आखडली होती. कोणी मदतीला आलं नाही, आणि आलं असतं तर त्यांना ते सहनही झालं नसतं.

गुरुवारी समितीसमोर त्यांनी वही ठेवली आणि उभ्यानेच सांगितलं. बसा म्हटलं तरी बसले नाहीत. समितीतल्या एका बाईंनी विचारलं की वाटा ठरवायचा कसा, कोणत्या पुस्तकात आहे. तात्या म्हणाले की पुस्तकात नाही, हातात आहे. दुसऱ्या गृहस्थांनी विचारलं की मग नवी भट्टी आल्यावर एकदा गोळी तोलून का पाहिली नाही. तात्या म्हणाले, स्वतःवर भरवसा होता. खोलीत कोणी हसलं नाही. सर खाली मान घालून बसले होते.

मग त्या बाईंनी टिचकीचे आकडे मागितले आणि तिथल्या तिथे, लाल शाईतल्या वाट्याप्रमाणे, आलेखावरचा एकेक ठिपका उजवीकडे सरकवला. चुंबकाचे ठिपके आणि सुराचे ठिपके, दोन्ही. सगळे जाऊन जगभरच्या आकड्यांच्या रेषेवर असे बसले की वेगळे दिसेनात. बाई म्हणाल्या की इतकं नेमकं मोजमाप त्यांनी फार थोड्या वेळा पाहिलं आहे. टिचकीवरचा ठपका पुसला गेला. पदवी मात्र आणखी वर्षभर लांबली, कारण प्रबंधात आता सांगण्यासारखं काही उरलं नव्हतं आणि काहीतरी नवीन करून दाखवणं भाग होतं. लेख मागे घेतला गेला. कारणात लिहिलं होतं, मिश्रण तयार करताना झालेली चूक. नाव कोणाचं नव्हतं. संस्थेत नावाची गरजही नव्हती.

लोक तात्यांशी वाईट वागले नाहीत. उलट जरा जास्तच जपून वागायला लागले, आणि तेच त्यांना टोचायचं. चिठ्ठ्या यायच्या, पण आता प्रत्येक गोळीचा तुकडा तपासणीला जायचा. तराजूच्या टेबलाला कोणी कोपर टेकलं तर तात्या त्या कोपराकडे बघत नसत.

टिचकी नऊ दिवस खाली फिरकली नाही. दहाव्या दिवशी आली ती चिठ्ठी घेऊन. सतराच हवं होतं, खरं सतरा, तिथून पुन्हा सुरुवात करायची होती. तात्यांनी फ्रिजमधून डबा काढला, सुरी गार केली, तुकडा कापला. ती शेजारी उभी होती, पण ना आईच्या गुडघ्यांबद्दल बोलली ना वसतिगृहाबद्दल. तात्यांनी विचारलंही नाही. त्यांनी तुकडा तोलला. आठ पूर्णांक एक चार, वाटा नाही. ताटली तिला दिसेल अशी धरली आणि भट्टीकडे वळले.

"थांबा," ती म्हणाली.

तिने ताटली त्यांच्या हातातून घेतली. त्यात राग नव्हता, घाई नव्हती; नवशिक्याला शिकवतात तसं तिने एकेक पाऊल नीट केलं. तराजू शून्यावर आणला, चिमट्याने तुकडा उचलून पुन्हा ठेवला, काचेचं झाकण लावलं. तात्या हात मागे बांधून उभे राहिले. आकडा थोडा हलला, स्थिर झाला. टिचकीने तो आपल्या नव्या वहीत आपल्या हाताने लिहिला.

"बरोबर आहे," ती म्हणाली.

पस्तीस वर्षांत तात्यांना असं कोणी म्हटलं नव्हतं, कारण म्हणायची कधी वेळच आली नव्हती.